सकाळचा उजेड, दाराशी उभा कुत्रा आणि मेंदूतलं घड्याळ

साडेसहाचा गजर लावायचा, तो दर नऊ मिनिटांनी गप्प करायचा आणि शेवटी पावणेआठला धडपडत उठायचं, हा कार्यक्रम अनेक घरांत रोज चालतो. त्यातल्याच एखाद्या घरी कुत्रा येतो आणि महिन्याभरात तीच मंडळी सव्वासहाला पट्टा हातात धरून सोसायटीच्या गेटबाहेर दिसायला लागतात. विचारलं तर म्हणतात, "काय करणार, तो ऐकतच नाही." मग घरातली वडीलधारी माणसं समाधानाने सांगतात, की बघा, आम्हाला जमलं नाही ते कुत्र्याने केलं, शिस्त लावली.

मला हे अर्धंच उत्तर वाटतं. उरलेलं अर्धं आपल्या डोळ्यांत आहे, आणि ते समजून घेतलं तर कुत्रा नसलेल्यांनाही त्याचा उपयोग आहे. उशिरा उठणाऱ्याला "आळशी" म्हणून मोकळं होण्याआधी तर ते समजून घ्यायलाच हवं, कारण हा शिक्का माणसं वर्षानुवर्षं अंगावर वागवतात.

आधी एक फरक लक्षात घेऊ. अंथरुणातून बाहेर पडणं वेगळं आणि शरीराची सकाळ होणं वेगळं. गजर पहिलं काम करतो, दुसरं त्याच्या हातात नाही. मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस असं लांबलचक नाव. माणसात सगळ्या मिळून साधारण २०,००० चेतापेशी. झोप कधी येणार, शरीराचं तापमान कधी उतरणार, मेलाटोनिन कधी स्रवायला लागणार याचं वेळापत्रक इथून ठरतं.

या घड्याळाची एक खोड आहे: ते बरोबर चोवीस तासांचं नाही. बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता माणसांना प्रयोगशाळेत ठेवलं, तर त्यांचा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरतो. हार्वर्डच्या चार्ल्स साइझलर यांच्या गटाने १९९९ मध्ये हे मोजलं. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण रोज अकरा मिनिटं मागे पडणारं भिंतीवरचं घड्याळ आपण आठवड्यातच दुरुस्तीला टाकू. काहींचं यापेक्षा लांब असतं. २०१७ मध्ये मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळेने तर उशिरा झोपणाऱ्या काही कुटुंबांत 'क्राय १' या जनुकातला एक बदल शोधून काढला, ज्याने हे चक्र आणखी ताणलं जातं. (त्याच वर्षी यंग यांना घड्याळाच्या जनुकांवरच्या आधीच्या कामासाठी नोबेल मिळालं.) या लोकांना सकाळी लवकर जाग येत नाही यात स्वभावाचा किती दोष आणि जनुकांचा किती, तुम्हीच ठरवा.

मागे पडणारं घड्याळ रोज पुढे सरकवावं लागतं. ते कोण करतं? गजर? नोकरी? घरचे ओरडतात ते?

याचं उत्तर देणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका अंध माणसाबद्दल लेख आला होता. हा माणूस चारचौघांसारखा समाजात राहत होता, घड्याळाप्रमाणे वागायचा प्रयत्न करत होता. तरीही त्याच्या शरीराचा दिवस २४.९ तासांचा निघाला. म्हणजे रोज जवळपास एक तास उशीर. काही दिवस बरे जायचे, मग शरीराची रात्र सरकत सरकत भर दुपारी यायची आणि झोपेचे हाल व्हायचे. माणसं, कामं, गजर सगळं होतं. फक्त उजेड आत पोचत नव्हता. पूर्ण अंधत्व असलेल्या अनेकांना हा त्रास होतो, पण सगळ्यांना नाही, आणि त्या अपवादातच पुढचा धागा आहे. ज्यांना काहीच दिसत नाही अशा काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर तीव्र प्रकाश टाकला, तर त्यांचं मेलाटोनिन उतरतं, असं १९९५ मध्ये दिसलं. दिसत नाही, तरी डोळ्याला उजेड कळतो.

कसा, ते २००२ मध्ये उलगडलं. दृष्टिपटलावर रॉड आणि कोन या शाळेत शिकलेल्या पेशींखेरीज तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्यांची तार थेट त्या घड्याळाच्या पुंजक्यांना जोडलेली असते. आकार, चेहरे, अक्षरं ओळखणं हे त्यांचं मुख्य काम नाही. आजूबाजूला उजेड किती आहे, हे त्या मोजत बसतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर प्रकाश त्यांना सगळ्यात जास्त कळतो, म्हणजे साधारण सकाळच्या मोकळ्या आकाशाचा रंग.

पण या पेशी ढिम्म आहेत. त्यांना हलवायला भरपूर उजेड लागतो, आणि "भरपूर" म्हणजे किती याचा आपला अंदाज पार चुकतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स मिळतात. चांगल्या उजळ ऑफिसात ५००. बाहेर ढगाळ दिवशी हजारापासून दहा हजारापर्यंत, आणि स्वच्छ उन्हात एक लाखाच्या घरात. आपली बाहुली आणि मेंदू हा फरक इतका सफाईने सांभाळून घेतात, की खोली आणि अंगण यांत शंभरपट फरक आहे हे जाणवतच नाही. शंका असेल तर मोबाइलवर लक्स मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि पलंगापासून गॅलरीपर्यंत चालत जा. आकडा अगदी काटेकोर नसेल, पण उडी दिसेल. खिडकीपासून दोन पावलं आत आलात तरी तो धाडकन खाली येतो.

म्हणून सकाळी दिवाणखान्यात दिवा लावून चहा पिणं आणि तोच कप घेऊन गॅलरीत उभं राहणं, यात घड्याळाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसाळ्यातसुद्धा. जुलैतलं काळवंडलेलं आकाश आपल्याला उदास वाटतं, पण ते तुमच्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी उजळ असतं.

कोलोरॅडोच्या केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये याचा एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. आठ माणसांना उन्हाळ्यात आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेलं. मोबाइल नाही, टॉर्च नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्याअखेर त्यांचं मेलाटोनिन संध्याकाळी सुमारे दोन तास लवकर स्रवायला लागलं होतं, आणि एरवी सगळ्यात उशिरा झोपणाऱ्यांचं घड्याळ सगळ्यात जास्त सरकलं होतं. कुणी त्यांना शिस्त लावली नव्हती.

आता आपल्याकडची एक अडचण. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि आपण बरेच पश्चिमेला आहोत. मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३९ मिनिटं मागे आहे. मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी 'बॉम्बे टाइम' वेळ सांभाळली होती, ती याच हिशेबाने. पुण्यात जानेवारीत सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. नागपूरकरांना तो सोळा-सतरा मिनिटं आधी मिळतो. म्हणजे थंडीत पुण्या-मुंबईत साडेपाचला उठून "उजेड घ्यायचा" म्हटलं तर उजेडच नसतो. तेव्हा आधी घरातले सगळे दिवे लावा, आणि उजाडलं की बाहेर पडा.

इथे एक बारकावा आहे आणि तो न सांगता "पहाटे उठा" म्हणणारे लोक नुकसान करतात असं माझं मत आहे. उजेड घड्याळाला पुढे ढकलतो की मागे, हे तो कधी मिळतो यावर अवलंबून असतं. रात्री शरीराचं तापमान उतरत जातं आणि आपोआप जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात कमी होतं. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड उद्याची सकाळ अलीकडे आणतो. त्या क्षणाआधी मिळालेला उजेड उद्याची सकाळ आणखी लांब नेतो, कारण शरीर त्याला सरत्या संध्याकाळचा उजेड समजतं.

समजा सुट्टीच्या दिवशी तुम्ही पहाटे तीनला झोपून अकराला उठता. तुमचं तापमान सगळ्यात कमी असणार आठ-नऊच्या सुमारास. एके दिवशी निश्चय करून साडेसहाला उठलात आणि उगवत्या सूर्यासमोर अर्धा तास फिरलात, तर घड्याळ पुढे येण्याऐवजी मागे जाऊ शकतं. आठवडाभराने "मला जमतच नाही" म्हणून सोडून द्याल. अशा माणसाने साडेदहापासून सुरुवात करावी, उठल्या उठल्या बाहेर जावं, आणि दर दोन-तीन दिवसांनी ही वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्यावी. सुट्टीला नऊपर्यंत झोपणाऱ्याला सातनंतरचा उजेड सहसा चालतो.

संध्याकाळबद्दल थोडक्यात: तिथे नियम उलटा. २०१९ मधल्या एका अभ्यासात ५५ जणांवर मोजलं, तर मेलाटोनिन निम्म्यावर आणायला सरासरी २५ लक्सच्या आसपासचा प्रकाश पुरला. काहींना सहा लक्स पुरले, तर एखाद्याला साडेतीनशे लागले. त्यामुळे बायकोला रात्री ट्यूबलाइटखाली वाचून लगेच झोप येते आणि नवऱ्याला येत नाही, यात कुणी खोटं बोलत नसतं. झोपायच्या दोन तास आधी मोठे दिवे मालवून कोपऱ्यातला पिवळा दिवा ठेवावा, एवढं पुरे.

मग यात प्राणी कुठे आले?

यासाठी मदुराईला जावं लागेल. एम. के. चंद्रशेखरन हे भारतातल्या जैविक घड्याळांच्या अभ्यासाचे प्रवर्तक. १९८१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या गुहेतल्या वटवाघळांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. गुहेच्या आत दिवसरात्र काळोख, तापमान जवळपास स्थिर. तिथे पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला बाहेर कधी मावळलं, कधी उजाडलं हे कळायला मार्ग नाही. तरी त्याचं घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळलेलं राहिलं, कारण गुहेतली बाकीची मोकळी वटवाघळं रोज संध्याकाळी बाहेर जात आणि पहाटे परतत. त्यांची जा-ये हाच त्याचा सूर्य. ती मंडळी गुहेत नसताना मात्र पिंजऱ्यातल्याचं घड्याळ आपल्या मनाने वाहत गेलं.

इथपर्यंत वाचून "म्हणजे कुत्रा आपलं घड्याळ लावतो" असं वाटेल. थांबा. दोन वर्षांनी त्याच गटाने त्या गुहेत दुसऱ्या कुळातलं वटवाघूळ ठेवून पाहिलं. त्याच्यावर या शेजाऱ्यांच्या येण्या-जाण्याचा परिणाम झाला नाही. वटवाघळांवरून माणसांबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, पण त्या १९७७ मधल्या अंध माणसाची गोष्ट याच्या शेजारी ठेवा. माणसांचा सहवासही ज्याचं घड्याळ लावू शकला नाही, त्याचं घड्याळ मोती किंवा मनी लावेल अशी आशा कमीच. माझा तर्क असा, की पाळीव प्राणी आपलं घड्याळ लावत नाहीत. ते आपल्याला रोज ठरलेल्या वेळी उजेडात नेऊन सोडतात, आणि घड्याळ उजेड लावतो.

ते इतके वक्तशीर का, याचंही उत्तर सापडतं. ठरलेल्या वेळी खाणं मिळत असेल, तर प्राणी त्याच्या आधीच हालचाल सुरू करतात. उंदरांमध्ये हे शंभर वर्षांपासून माहीत आहे, आणि गंमत म्हणजे मेंदूतलं ते मुख्य घड्याळ नष्ट केलं तरी उंदीर जेवणाची वेळ ओळखतात. पोटाचं वेगळं घड्याळ असल्यासारखंच ते. मी ज्या फळमाश्यांवर काम करते त्यांच्या पेटीत रोज सात वाजता दिवा लागतो, आणि माश्या तासभर आधीपासून अंधारात हलायला लागलेल्या असतात. माझ्याआधी त्यांना सकाळ कळते.

सगळ्यात मोठी गोष्ट, प्राण्यांना रविवार नसतो. आठवडाभर सातला उठायचं आणि शनिवार-रविवारी अकराला, म्हणजे दर आठवड्याला चार तास पश्चिमेकडच्या देशात जाऊन सोमवारी परत येणं. जर्मनीतले टिल रोनेबर्ग याला 'सामाजिक जेट लॅग' म्हणतात. ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना हे परवडत नाही. धार वेळेवर काढावी लागते, दूध डेअरीवर वेळेत पोचवावं लागतं, आणि हे सगळं उघड्यावर, उजाडता उजाडता होतं. फ्लॅटमधल्या माणसाला कुत्रा मिळाला, की या व्यवस्थेचा छोटासा तुकडा परत मिळतो.

कुत्रा असेल तर फार काही करायला नको. सकाळची फेरी रोज त्याच वेळी, रविवारीही, निदान वीस-तीस मिनिटं, आणि शक्यतो गॉगलशिवाय. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, आकाशाखाली असणं पुरतं.) विदर्भात एप्रिल-मेमध्ये ही फेरी सातच्या आत उरकावी लागते. नंतर डांबर तापून कुत्र्याचे पंजे भाजतात. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नका. रात्री तो कुठे झोपावा? अमेरिकेत मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये ४० निरोगी माणसांची झोप त्यांच्या कुत्र्यांसकट मोजली. कुत्रा खोलीत पण पलंगाखाली असेल, तर अंथरुणातला ८३ टक्के वेळ झोपेत जायचा. पलंगावर असेल तर ८० टक्के. फरक थोडा आहे, पण खाली गादी टाकायला काही खर्चही येत नाही.

मांजरीचं प्रकरण जरा अवघड. उठल्या उठल्या तिच्या वाटीत खाऊ पडत असेल, तर "हा उठला की खायला मिळतं" एवढंच ती शिकते आणि मग तुम्हाला साडेचारला उठवायला लागते. तुम्ही कंटाळून खाऊ दिलात की धडा पक्का. म्हणून उठणं आणि खाऊ यांच्यात वीस मिनिटं जाऊ द्या. त्या वेळात गॅलरीत जा, झाडांना पाणी घाला, तिची मातीची पेटी तिथेच साफ करा. मग ठरलेल्या वेळी वाटी भरा. तुम्हाला उजेड मिळतो आणि तिच्या ओरडण्याला बक्षीस मिळत नाही. पहिले आठ-दहा दिवस ती फार ओरडेल, तयारी ठेवा. माशांची टाकी या कामी कुचकामी आहे, मासे तक्रार करत नाहीत.

उठल्यावरची पहिली पंधरा मिनिटं ते अर्धा तास डोक्यावर झापड असते, झोप कमी झाली असेल तर जास्तच. "आज राहू दे, उद्यापासून" हा निर्णय नेमका याच वेळात घेतला जातो. दाराशी उभा असलेला कुत्रा हा निर्णय तुमच्या हातातून काढून घेतो, हा त्याचा खरा फायदा. कुत्रा नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी हे काम द्या: फिरायला हाक मारणारी शेजारीण, गच्चीवर पक्ष्यांसाठी रोज बदलायचं पाणी, शेजारच्या आजोबांचा कुत्रा सकाळी आपण नेण्याचा करार. कबुतरांना दाणे मात्र घालू नका, त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुफ्फुसं बिघडतात.

आणि फक्त यासाठी प्राणी आणू नका, हे अगदी स्पष्ट सांगते. कुत्रा दहा-पंधरा वर्षं जगतो. तुमची उठण्याची अडचण महिन्याभरात सुटेल किंवा सुटणार नाही. नंतरही त्याला रोज बाहेर जायचंच असतं. ज्यांची रात्रपाळी बदलती आहे त्यांना वरचं गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. डोळ्यांचा आजार असेल, किंवा बायपोलर विकाराचं निदान झालेलं असेल, तर दहा हजार लक्सचे जे खास दिवे विकत मिळतात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. तीव्र प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. आणि दोन-तीन आठवडे नेमाने करूनही काहीच सरकत नसेल, किंवा दिवसभर झोप येत असेल, जोरात घोरणं असेल, तर तो प्रश्न उजेडाचा नसू शकतो. तेव्हा झोपेच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा, सुट्टीच्या दिवसांसकट, एका कागदावर लिहून न्या.